टाकीतलं दूध

"रंग गेला का गं बाई?" गोजरबाईनं मान लांब करून विचारलं.

"न्हाई मावशी. हाय तसाच हाय." सपनानं काचेची नळी खिडकीतल्या उजेडाकडे धरली. नळीतलं पाणी निळं होतं, शाईची बाटली विसळल्यावर होतं तसं.

"मंग ते चांगलं का खराब?"

"चांगलं. निळं ऱ्हायलं म्हनजी दूध चोख."

"रोज निळंच ऱ्हाऊ दे माय," असं म्हणून गोजरबाईनं आपली रिकामी केटली उचलली आणि मागच्या बाईला जागा करून दिली. साखरा गावच्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. दूध पांढरं आहे हे ठरवायला निळं पाणी लागतं, याची त्यांना मोठी गंमत वाटायची.

सेनगावच्या त्या दूध शीतकरण केंद्रात सकाळी फार गडबड असे. गावोगावच्या जीप येत, कॅन आदळत, ओली फरशी कधी वाळत नसे. सपना खिल्लारे दारातल्या टेबलाशी बसे. दूध आधी तिच्यासमोर यायचं. वास, फॅट, पाण्याची भेसळ, सगळं बघून तिनं मान डोलावली की मगच ते आतल्या मोठ्या टाकीत पडायचं. त्या उन्हाळ्यात तिच्या शेजारी आणखी एक खुर्ची आली होती. त्या खुर्चीवर पुनम बसायची. पुनम हिंगोलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, आणि सपनाची हॉस्टेलपासूनची मैत्रीण होती.

पुनमची पीएच.डी. चालू होती. हे निळं पाणी तिनं प्रयोगशाळेत बनवलं होतं. प्रत्येकीचं थोडं दूध ती बाजूला काढायची, आम्लाचा थेंब टाकून फाडायची, गाळायची आणि खाली उतरलेल्या निवळीत निळं पाणी मिसळायची. दूध नासू नये म्हणून कोणी त्यात पेरॉक्साइड, म्हणजे जखम धुवायचं ते फेसाळणारं औषध घातलं असेल, तर निळा रंग उडून जायचा.

"ह्याच्यात हाय काय नेमकं?" सपनानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"पापुद्रे," पुनम म्हणाली होती. "मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो, त्याच्या ऑक्साइडचे. कांद्याच्या पापुद्र्याचे हजारो पदर काढलेस ना, तरी त्यातला एक पदर ह्यांच्यापेक्षा जाडच भरेल. त्यांच्यातला थोडा ऑक्सिजन आम्ही काढून घेतो. मग आतले इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि उजेड पडला की सगळे मिळून एका तालात डोलतात. डोलताना तांबडा उजेड गिळतात. उरलेला निळा आपल्याला दिसतो."

"आन पेरॉक्साइड आलं की?"

"काढून घेतलेला ऑक्सिजन परत मिळतो. डोलणं बंद. रंग बंद."

सपनाला हे फार आवडलं होतं. बी.एस्सी.ला असताना दोघी हिंगोलीत एका खोलीत राहायच्या. प्रॅक्टिकलला एकाच टेबलावर. शेवटच्या वर्षाला पुनमच्या घरून लग्नाचा निरोप आला तेव्हा ती दोन दिवस रडत बसली. मोठ्या शेतीवाल्या घरातली पोरगी, वडिलांपुढे तोंड उघडायची सवय नव्हती. सपनाच तिला घेऊन तिच्या गावी गेली. पुनमच्या वडिलांसमोर, अंगणात उभं राहून ती म्हणाली, "काका, ही पहिली आलेली हाय वर्गात. हिचं शिक्षण तोडू नका." वडील बराच वेळ सुपारी कातरत राहिले आणि शेवटी म्हणाले, "दोन वर्षं बघू." पुनम एम.एस्सी.ला गेली. त्याच उन्हाळ्यात सपनाचं सुरजशी लग्न झालं. तिच्या बाजूनं कोणी अंगणात उभं राहिलं नव्हतं, पण त्याचं तिला फारसं वाईटही वाटलं नाही. सुरज चांगला निघाला. सेनगाव-साखरा वाटेवर तो जीप चालवायचा. सकाळी साखऱ्याच्या बायका आणि त्यांचे कॅन, मग दिवसभर सवाऱ्या.

केंद्र उत्तमरावांचं होतं. सगळे त्यांना अण्णा म्हणत. तालुक्यात त्यांचा शब्द चालायचा. पुनमचं कॉलेज ज्या संस्थेचं होतं तिच्या मंडळावरही ते होते. सपनाला त्यांनीच टेबलावर बसवलं होतं. सुरुवातीला काही लोकांनी कुरकुर केली. खिल्लाऱ्याची सून आमच्या दुधात हात घालणार का, असं कोणीतरी म्हणालं. अण्णा केबिनमधून बाहेर आले होते आणि सगळ्यांसमोर बोलले होते, "सपनाच्या हातचं ज्याला चालत न्हाई त्यानं आपलं दूध घरी न्यावं." दुसऱ्या दिवसापासून कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. सपना ते कधी विसरली नाही. सासू पद्माबाईंजवळ ती म्हणायची, "अण्णा मानूस हाय आत्या. देवमानूस म्हनत न्हाई मी, पन मानूस हाय."

टाकीची गोष्ट पुनमनंच काढली.

"सगळे नमुने निळेच येतात गं," ती एक दिवस कंटाळून म्हणाली. "तुझ्या बायका फारच सरळ आहेत. एकदा टाकीतलं पण घेऊन ठेव. सगळं एकत्र झाल्यावर काय दिसतं ते बघू."

टँकर दुपारनंतर यायचा, आणि पुनम तोवर हिंगोलीला परत गेलेली असायची. त्याआधी सपनानं टाकीच्या तोटीखाली नळी धरली. दूध फाडलं, गाळलं, निळं पाणी घातलं आणि ती कॅन धुवायला लावायला वळली. परत येऊन बघते तर नळीत नुसतं पाणी. निळं कुठंच नव्हतं.

बाटली खराब झाली असणार असं तिला वाटलं. तिनं शीतखोलीतली दुसरी बाटली काढली. गोजरबाईच्या सकाळच्या दुधात घालून बघितली, रंग राहिला. टाकीतल्या दुधात घातली, रंग गेला. तिच्या डोळ्यांसमोर तो फिकट होत गेला, आधी कडेनं, मग सगळाच. तिनं नळी पटकन स्टँडमध्ये ठेवली आणि पदराला हात पुसले, जणू कोणी बघितलं तर तिलाच विचारतील.

केंद्रात दाराच्या आतलं सगळं हिरासिंग बघायचा. थंड करायचं यंत्र, टाकी, जनरेटर. त्या उन्हाळ्यात वीज फार जायची, यंत्र बंद पडायचं. हा हिरासिंगच काहीतरी करून राहिला, आपली चूक झाकायला, अण्णांच्या माघारी. सपनाच्या मनात दुसरं काही आलंच नाही.

पुनमला तिनं फोन केला. पुनम दुसऱ्याच दिवशी आली, टाकीतला ताजा नमुना हिंगोलीला घेऊन गेली आणि संध्याकाळी तिचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"मशीनवर पण तेच! सपना, खऱ्या दुधात मिळालं गं! आतापर्यंत मी स्वतःच पेरॉक्साइड घालून दाखवत होते. आता गाइड काही बोलू शकत नाही."

"पुनम, हे दूध लोकं पेतेत," सपना म्हणाली. "हिंगोलीच्या एका आश्रमशाळेतबी जातं हे."

"हो गं. तेही आहेच. तू अण्णांना सांग. ते चांगले आहेत म्हणतेस ना."

"सांगते. पन उद्या कोन म्हनलं की ही कोन सांगनारी, तर तू ऱ्हाशील ना संगं? तुज्याकडं मशीन हाय, डिग्री हाय."

"राहीन ना. हे काय विचारणं झालं? तू माझ्यासाठी उभी राहिली होतीस ते मी विसरले का?"

सपनाला बरं वाटलं. अण्णांच्या केबिनमध्ये ती सकाळीच गेली. बायकांची रांग संपली होती, अण्णा चहा पीत बसले होते.

"अण्णा, तुमाला एक सांगायचं हाय. रागावू नका. हिरासिंग टाकीत काहीतरी घालून राहिला."

अण्णांनी कप बशीत ठेवला. उठून दार लोटलं.

"बस."

ती बसली नाही.

"हिरासिंगच्या मनानं काय होतं का बाई हितं?" अण्णा हळू आवाजात म्हणाले. "म्याच सांगितलेलं हाय ते. लाइट जाते, टँकर येळेवर येत न्हाई. टाकी नासली तर चौदा गावच्या लोकांचं नुकसान. थोडं घातलं की रात निघते. समदेच करतेत. तुला तकलीफ व्हायचं काय कारन?"

सपना त्यांच्याकडे बघत राहिली. तिला आधी काही समजलंच नाही, मग सगळं एकदम समजलं.

"किती दिसांपासून?"

"तू आलीस त्याच्या आधीपासून."

"मंग मला दारावर बसवलं कशाला, अण्णा?"

"तुज्यावर भरोसा हाय लोकांचा," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थोडं कौतुकच होतं. "सपनाबाईनं तपासलं म्हनलं की पुढं कोनी इचारत न्हाई. तू दारावरचं तुजं काम बराबर कर. आतलं आमी बघतो."

त्या साऱ्या वर्षांत तिनं किती लोकांचं दूध परत पाठवलं होतं. एकदा एका म्हातारीचं, जरासा आंबूस वास आला म्हणून. म्हातारी पाया पडायला लागली होती आणि सपनानं तिला उठवून समजावलं होतं, मावशी, हे दूध लेकरं पेतेत. अण्णा तेव्हा केबिनच्या काचेतून बघत होते, हसत होते. आता तिला ते हसू पुन्हा दिसलं.

"हे बंद करा, अण्णा," ती म्हणाली. "न्हाई केलं तर मी बोलनार."

"बरं," अण्णा म्हणाले. "बंद करतो. जा तू."

आठवडाही गेला नसेल, शहरातल्या मोठ्या डेअरीनं टँकर परत पाठवला. त्यांच्याकडे तपासणीत पेरॉक्साइड निघालं. अख्खा टँकर गावाबाहेरच्या नाल्यात ओतावा लागला. बातमी तालुकाभर झाली. अण्णांनी लगेच दूधवाल्यांची सभा बोलावली.

सभा केंद्राच्या आवारातच होती. पत्र्याच्या शेडखाली सतरंज्या, पुढे टेबल, लाऊडस्पीकर. साखऱ्याच्या बायकांना सुरजनंच जीपमधून आणलं. सपना मागे, खांबाजवळ उभी होती. टेबलामागे अण्णांशेजारी पुनम बसलेली तिला दिसली. खांद्यावर सत्काराची शाल. समोर त्याच निळ्या बाटल्या. सपनाला आधी आनंदच झाला. अण्णांनी स्वतःहून हिला बोलावलं म्हणजे ते सगळ्यांसमोर कबूल करणार, असं तिला वाटलं. तिनं हात वर केला. पुनमनं तो बघितला आणि बाटलीचं झाकण उघडायला घेतलं.

प्रयोग छान झाला. एका ग्लासातली निवळ निळी राहिली. दुसऱ्यात पुनमनं औषधाचे थेंब टाकले आणि निळं गेलं. लोकांमधून "अरारा" असा आवाज निघाला. मग अण्णांनी माइक घेतला.

"हे औषध आपल्या केंद्रातल्या दुधात सापडलेलं हाय. मॅडमनी मशीनवर बघितलं. व्हय ना, मॅडम?"

"हो," पुनम म्हणाली.

"मॅडम, तुमी सगळ्यात जास्ती नमुने कोन्त्या गावचे घेतले?"

पुनमनं बाटलीचं झाकण लावलं. साखऱ्याची जीप सकाळी सगळ्यांत आधी यायची, म्हणून तिचे बरेचसे नमुने साखऱ्याचेच होते.

"साखऱ्याचे," ती म्हणाली.

"बस," अण्णा म्हणाले आणि लोकांकडे वळले. "मला कोनाचं नाव घ्यायचं न्हाई. समजनाऱ्यानं समजून घ्यावं."

माना वळल्या. साखऱ्याच्या बायका एका सतरंजीवर बसल्या होत्या, त्यांच्याभोवतीचे लोक नकळत थोडे सरकले.

"पुनम!" सपना खांबाजवळून ओरडली. "ते दूध टाकीतलं होतं. सांग की त्यांना. टाकीतलं होतं म्हनून सांग!"

पुनमनं माइक जवळ ओढला.

"नमुना टाकीतलाच होता," ती म्हणाली.

सपनाच्या छातीवरचं ओझं उतरलं. तिनं खांबाला हात टेकला.

"पण टाकीतलं दूध गावांमधूनच येतं," पुनम म्हणाली आणि माइक अण्णांकडे सरकवला.

त्यानंतर सपना बोलत होती. ती खूप बोलली. बायकांचं दूध दारावर निळंच येत होतं, सगळ्यांचं, ती म्हणाली. हिरासिंगला विचारा म्हणाली. हिरासिंग जनरेटरपाशी खाली मान घालून उभा होता. पण लाऊडस्पीकर अण्णांकडे होता. साखऱ्याचं दूध उद्यापासून घेणार नाही, असं त्यातून येत होतं, आणि तेवढंच सगळ्यांना ऐकू गेलं.

बायका उठल्या. गोजरबाई सपनासमोर येऊन थांबली. कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलं होतं.

"रोज तूच म्हनत होतीस ना, निळं हाय, चोख हाय? मंग आमी आज चोर काहून झालो?"

"मावशी, तुमी ऐका तरी..."

"तुजी मैत्रीन हाय ना ती," गोजरबाई म्हणाली. "तूच बसवली व्हती ना तिला आमच्या दुधापाशी?"

आणि ती जीपमध्येही बसली नाही. उन्हातून पायी रस्त्याला लागली, बाकीच्या तिच्या मागे.

घरी आल्यावर सुरज बराच वेळ जीपखाली घुसून काहीतरी खटपट करत बसला. पद्माबाईंनी ताट वाढलं. सपना ताटासमोर नुसती बसून राहिली.

"तू बोललीस ना तितं?" पद्माबाईंनी विचारलं.

"बोलले आत्या. कोनी ऐकलं न्हाई."

"ते ऐकनाऱ्याचं. तू बोललीस ना? मंग जेव."

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली तेव्हा तिच्या टेबलाशी दुसरीच एक मुलगी बसली होती. सपना तशीच मागे फिरली. हिंगोलीला जाऊन तिनं अन्न तपासणीच्या कचेरीत तक्रार दिली. तिथल्या साहेबांनी तिचं नीट ऐकून घेतलं, माणसंही पाठवली. पण टँकर परत आल्यापासून अण्णांनी टाकीत औषध घालणं थांबवलं होतं, आणि ते औषध दुधात फार काळ टिकतही नाही, विरून जातं. टाकीतलं दूध स्वच्छ निघालं. त्यामुळे झालं एवढंच, की साखऱ्याचं दूध बंद केलं आणि भेसळ थांबली, असं लोक म्हणू लागले. सेनगावच्या हॉटेलवाल्यांनीही साखऱ्याचं दूध घेणं सोडलं.

सपना कॉलेजात गेली ती कोणाला न सांगता. प्रयोगशाळा रिकामी होती. पुनम खिडकीपाशी नळ्या धूत होती. सपनाला बघून तिनं नळ बंद केला, ओले हात तसेच धरून उभी राहिली.

"मला वाटलंच होतं तू येशील," ती म्हणाली. "बस ना."

"सभेच्या आधी तुला अण्णा भेटले व्हते?"

"त्यांनी बोलावलं होतं." पुनमनं खाली बघितलं. "सपना, नऊ वर्षं झाली मला तासिकेवर. उन्हाळ्यात काम नाही, काम नाही तर पगार नाही. यंदा जागा निघाली आहे. मुलाखतीला कोण बसणार आहे माहीत आहे ना तुला?"

"माहीत हाय."

"आणि मी खोटं काय बोलले? तूच सांग. एक तरी शब्द खोटा होता का?"

"न्हाई," सपना म्हणाली. "खोटं बोलली असतीस तर मला भांडता आलं असतं."

पुनमचे डोळे भरून आले. ती खरंच रडत होती. सपनाला ते दिसत होतं, आणि हॉस्टेलच्या खोलीत दोन दिवस रडणारी पोरगीही तिला दिसत होती. पण उठून तिच्या खांद्यावर हात ठेवावा असं मनात येईना. ते न येणंच सपनाला सगळ्यात जास्त लागलं.

"रिसर्च पेपरवर तुझं नाव घालते मी," पुनम म्हणाली. "माझ्या नावाच्या खाली लगेच. आणि जागा पक्की झाली की इथं लॅबमध्ये तुझ्यासाठी..."

"माजं नाव नको घालू. साखऱ्याला ये. एकदाच. लाऊडस्पीकर नको, काही नको. गोजरमावशीच्या दारात उभी ऱ्हाय आन सांग की तुमचं दूध निळं व्हतं."

बाहेरच्या वऱ्हांड्यात पोरांचा गलका आला आणि गेला.

"मुलाखत झाली की येते," ती शेवटी म्हणाली.

सपनानं मान हलवली. दुधाची केटली परत पाठवताना ती जशी हलवायची, तशी. आणि ती खाली उतरली.

पावसाळा आला, सोयाबीन उगवून वर आलं, तेव्हा पुनमची जागा पक्की झाल्याचं सुरजनं कोणा सवारीकडून ऐकलं. पुनम साखऱ्याला आली नाही. सपनानं वाट बघितली होती का, तर हो, बघितली होती. रोज नाही, पण फोन वाजला की. नंतर तेही थांबलं.

मग एके दिवशी संध्याकाळच्या खेपेला ती सुरजच्या जीपमध्ये पुढे बसली. "कुठं?" त्यानं विचारलं. "साखऱ्याला," ती म्हणाली. त्यानं जीप चालू केली.

गोजरबाईचं घर गावाच्या कडेला होतं. दारात तूप कढत होतं. दूध कोणी घेत नाही म्हटल्यावर बायकांनी विरजण लावायला सुरुवात केली होती. तुपाला गिऱ्हाईक मिळायचं, पण ओळखीशिवाय नाही. गोजरबाईनं सपनाला बघितलं आणि पुन्हा कढईकडे बघितलं. शेजारच्या दोघी-तिघी दारात आल्या.

सपना उभ्यानंच बोलली. टाकीत काय घातलं जायचं, कोणी घालायला लावलं, केबिनमध्ये काय झालं, पुनमला काय मिळालं, सगळं. स्वतःबद्दल तिनं एवढंच सांगितलं, "मी रोज तुमचं दूध तपासून आत सोडत व्हते. आत काय व्हतं ते कदी बगितलं न्हाई. बगायला पायजे व्हतं."

शेजारणी एकमेकींकडे बघत राहिल्या. एक म्हणाली, "आता सांगून काय उपेग?" आणि पदर सावरत घरात गेली. दुसरी थोडा वेळ थांबली, मग तीही गेली. कढईतलं तूप तांबूस व्हायला लागलं, तसं गोजरबाईनं ते उतरवून ठेवलं.

"सभेत बोलत व्हतीस ते हेच का?" तिनं विचारलं.

"व्हय."

"काही ऐकू येईना तवा."

ती उठली. कोपऱ्यातली चरवी घेतली आणि गोठ्याकडे चालू लागली. सपनाला काय करावं समजेना. निघावं म्हणून ती वळली तर गोठ्यातून आवाज आला, "ये इकडं. पारडू धर."

सपना आत गेली. पारडू धरून उभी राहिली. गोजरबाई म्हशीखाली बसली, कास धुतली, आचळ ओढून बघितले. म्हैस मान वळवून सपनाकडे बघत होती. कान ताठ, अंग चोरलेलं. दूध उतरेना.

"नवीन मानूस दिसलं की अशीच करती," गोजरबाई म्हणाली.

"मी जाते मंग भायेर."

"नको. उभी ऱ्हाय तितंच." गोजरबाईनं म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवलं. "वळखू दे तिला."

बाहेर अंधारून येत होतं. रस्त्यावर सुरजनं एकदा हॉर्न वाजवला आणि मग जीप बंद केली. म्हैस पाय बदलत राहिली, पारडू सपनाच्या हाताला हिसके देत राहिलं. बऱ्याच वेळानं चरवीत पहिली धार वाजली.